स्पोर्ट्स कारला आगीचा रिकॉल: निरोप आल्यापासून गाडी घरी परत येईपर्यंत

रिकॉल म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं. त्याची बातमी कानावर आली की मालक सर्व्हिस सेंटरला फोन लावतो आणि विचारतो, "गाडी कधी आणू?" रिकॉल आगीच्या धोक्यासाठी असेल तर हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टींचं उत्तर हवं: आज ही गाडी सुरू करायची का? आणि आज रात्री ती कुठे उभी राहणार? सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, वर अकरा मजले आणि शेजारी चाळीस गाड्या असताना, दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच गंभीर आहे.

या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. इंजिन मागे किंवा मध्यभागी असलेल्या, जमिनीलगत चालणाऱ्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर आहेत. विजेवरच्या गाड्यांचं थोडं वेगळं असतं, ते जागोजाग सांगितलं आहे.

रिकॉलची नोटीस कशी वाचायची

नोटिशीत सूचना तीनपैकी एका पातळीची असते. पहिली: गाडी चालवूच नका. दुसरी: गरजेपुरती चालवा, पण इमारतीपासून लांब, उघड्यावर लावा. तिसरी: चालवा, अमुक एक गोष्ट टाळा आणि भाग आला की घेऊन या. नोटिशीची भाषा गुळगुळीत असते, त्यामुळे तुमची पातळी कोणती हे डीलरकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं "काही होत नाही साहेब, या तुम्ही सावकाश" हे उत्तर धरून चालू नका.

त्यानंतर शोधायचं ते कारण. नेमकं काय बिघडतं हे कळलं की दुरुस्ती होईपर्यंत काय टाळायचं ते आपोआप कळतं. चार जुनी उदाहरणं पाहा, कारण नव्या रिकॉलमागेही बहुधा यांच्यापैकीच एखादी तऱ्हा असते.

२०१० मध्ये फेरारीने ४५८ इटालियाच्या तोवर बनलेल्या १,२४८ गाड्या परत बोलावल्या. मागच्या व्हील आर्चमधली, म्हणजे चाकावरच्या कमानीतली हीट शिल्ड (उष्णता अडवणारा पत्रा) गोंदाने चिकटवलेली होती. तापमान वाढलं की गोंद मऊ पडायचा, पत्रा वाकून एक्झॉस्टजवळ जायचा आणि गोंदच पेट घ्यायचा. उपाय साधा होता: गोंद काढून धातूच्या फास्टनरने पत्रा पक्का करणं. इथे दोष इंधनात नव्हताच. म्हणून "पेट्रोल गळत नाही ना, मग झालं" हा दिलासा फसवा आहे.

२०१४ ची पोर्शे ९११ जीटी३. कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा) स्क्रू सैल होऊन रॉड क्रँककेस, म्हणजे इंजिनचं कवच, फोडायचा आणि बाहेर आलेलं तेल तापलेल्या भागांवर पडून पेटायचं. युरोपात दोन गाड्या जळाल्यावर कंपनीने जगभरच्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. ही पहिल्या पातळीची नोटीस. असा दोष आधी वासाने किंवा डागाने कळत नाही. रॉड सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

२०१७ चा लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा रिकॉल. याच्यावर जरा थांबू, कारण यात मालकाच्या सवयीचा वाटा आहे. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह (ती वाफ सोडणारी झडप) उघडला की इंजिनात ओढली जाते. टाकी गळ्यापर्यंत भरली की कॅनिस्टरमध्ये वाफेऐवजी पातळ पेट्रोल शिरतं. मग पर्ज यंत्रणा नीट चालत नाही, आणि त्यात उभ्या गाडीत जोरजोरात रेस दिली तर इंधनाची वाफ तापलेल्या एक्झॉस्टपर्यंत पोहोचू शकते. २०२५ मध्ये शेवरले कॉर्व्हेटच्या झेड०६ आणि झेडआर१ चा रिकॉलही पेट्रोल भरतानाच्या सांडण्याशी निगडित होता. सांडलेलं इंधन डाव्या बाजूच्या रेडिएटर फॅनकडे ओघळू नये म्हणून त्यात संरक्षक पत्रा बसवला गेला.

चौथं उदाहरण पावसाळी गावांना जवळचं. २०२० मध्ये मॅक्लारेनने ७२०एस, सेना, जीटी अशी मॉडेल्स परत बोलावली. पेट्रोल टाकीखाली आवाज आणि कंप कमी करायला लावलेला फोम ओल धरून ठेवायचा, त्याखालची टाकी गंजायची आणि पुढे गळती व्हायची. अशा दोषात वापर कमी असलेली, झाकून ठेवलेली गाडीही सुरक्षित नसते.

तुमची गाडी यादीत आहे का, हे स्वतः तपासा

रिकॉलचं पत्र कंपनीच्या नोंदीतल्या मालकाला जातं. पुण्यातल्या अनेक स्पोर्ट्स कार दिल्ली-मुंबईहून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या असतात. पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं आणि तुम्हाला पत्ताच नसतो. म्हणून वाट पाहू नका.

आरसी काढा. त्यावरचा चेसिस नंबर म्हणजेच व्हीआयएन, १७ अक्षर-अंकांचा. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं काही दिसलं तर तो एक किंवा शून्य आहे, तुम्ही चुकीचं वाचताय. आरसीवरचा नंबर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या पट्टीवरच्या आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी एकेक अक्षर जुळवा. जुळत नसेल तर रिकॉलच्या आधी तो वेगळाच गंभीर विषय आहे.

मग तीन ठिकाणी तपासा. एक, कंपनीच्या अधिकृत साइटवरची व्हीआयएन शोध सुविधा. दोन, सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या साइटवरची भारतातल्या रिकॉलची माहिती. सियामची ऐच्छिक रिकॉल संहिता २०१२ पासून आहे. तीन, अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेचं संकेतस्थळ. तिथे भारतातल्या गाडीचा व्हीआयएन बहुधा सापडत नाही, पण मॉडेल आणि वर्ष टाकलं की कंपनीने दिलेला दोषाचा अहवाल वाचायला मिळतो: कोणता भाग, काय बिघडतं, आधी लक्षणं कोणती, उपाय काय. शोरूमच्या ओळीभर उत्तरापेक्षा हा अहवाल कितीतरी जास्त सांगतो. छापून गाडीच्या फाइलला लावा.

सगळं झाल्यावर डीलरला ईमेल करा. त्यात पूर्ण चेसिस नंबर, किलोमीटर, आरसीवरचं नाव, आताचा पत्ता आणि चार थेट प्रश्न लिहा: या नंबरवर रिकॉल बाकी आहे का, त्याचा कोड काय, दुरुस्तीपर्यंत चालवणं आणि लावणं याबाबत कंपनीची लेखी सूचना काय, भाग कधी येणार. पुढे विमा किंवा ग्राहक आयोगापर्यंत वेळ आली तर हा ईमेल आणि त्याची तारीखच उपयोगी पडते.

भाग येईपर्यंतचे दिवस

आयात गाडीचा भाग यायला आठवडे जातात. खरी काळजी याच काळात घ्यायची असते.

पेट्रोल भरताना नोझल पहिल्यांदा "टक" करून थांबलं की थांबायचं. "साहेब, राउंड फिगर करू?" या प्रश्नाला ठाम नाही म्हणा. त्या शेवटच्या शंभर-दीडशे रुपयांचं पेट्रोल टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे वाफेसाठी राखलेल्या जागेत जातं. दोष इंधनाशी संबंधित असेल तर टाकी अर्ध्या-पाऊण भागापर्यंतच ठेवा. भरताना खाली उतरून उभे राहा, बाहेर ओघळलं तर पुसून घ्या आणि वाफ उडायला दोन-चार मिनिटं देऊन मगच गाडी सुरू करा.

रेस देणं बंद. फर्ग्युसन रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी कोणीतरी मोबाइल काढून खूण करतो आणि मालक उभ्या गाडीत इंजिन गरगरवतो. उभ्या गाडीला वाऱ्याचा झोत मिळत नाही, एक्झॉस्ट मात्र तापत जातं. पेट्रोलची वाफ साधारण २५० ते २८० अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीशिवायही पेटू शकते आणि दाबून चालवलेल्या गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या दुपटीहून जास्त तापतं. बाहेरून बसवलेलं एक्झॉस्ट असेल तर ते या काळात काढून मूळचं लावा. बदललेल्या पाइपचं तोंड, वाकण किंवा काढून टाकलेली हीट शिल्ड यामुळे कंपनीने धरलेली उष्णतेची गणितं चुकतात.

घाटाची गंमत वेगळी आहे. मुंबईहून येताना खोपोली ते खंडाळा चढावर इंजिन सर्वात जास्त तापतं, पण इंजिनच्या खोलीतलं तापमान त्याहून वर जातं ते गाडी थांबल्यावर. वारा थांबतो, पाणी आणि तेल फिरायचं थांबतं, तापलेल्या धातूतली उष्णता आजूबाजूच्या नळ्या, तारा आणि प्लॅस्टिककडे सरकते. म्हणून चढ संपल्या संपल्या फूड मॉलला वळून चावी बंद करू नका. तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मग थांबा. थांबल्यावर पहिली दहा मिनिटं गाडीपासून नजर हटवू नका. ताम्हिणी आणि सिंहगडाचा रस्ता दुरुस्तीपर्यंत टाळलेलाच बरा.

गाडी लावायची कुठे? "उघड्यावर लावा" अशी सूचना असेल तर बेसमेंट, स्टिल्ट आणि यांत्रिक पार्किंग तिन्ही वर्ज्य. भिंतीपासून आणि दुसऱ्या गाडीपासून पाच-सहा मीटर मोकळं अंतर मिळेल अशी जागा बघा. सोसायटीच्या सेक्रेटरींना कारण सांगून लेखी कळवा. अवघड वाटतं, पण वॉचमनला "या गाडीतून धूर दिसला तर जवळ जाऊ नका, १०१ लावा" एवढं माहीत असणं शेजाऱ्यांचा हक्क आहे. विजेवरची गाडी असेल तर चार्जिंगही उघड्यावरच. पोर्शे टायकानच्या बॅटरी मॉड्यूलच्या रिकॉलमध्ये मालकांना चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायला सांगितलं होतं. तुमच्या नोटिशीत जो आकडा असेल तो गाडीच्या सेटिंगमध्ये कायमचा लावून टाका, रोज आठवणीवर सोडू नका.

सकाळची पाच मिनिटं

इंजिन थंड असताना, सुरू करण्याआधी. रात्री इंजिनखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवून ठेवा. सकाळी तो ओढून बघा. तपकिरी-काळा डाग तेलाचा, रंगीत चिकट डाग कूलंटचा. पेट्रोल उडून जातं, डाग राहात नाही, म्हणून पुठ्ठ्याचा वास घ्या. एसीच्या पाण्याला वास आणि रंग दोन्ही नसतात, त्याने घाबरू नका.

टॉर्चने मागच्या जाळ्यांमधून आत बघा. कोरेगाव पार्कातल्या वडाखाली किंवा प्रभात रस्त्यावरच्या गुलमोहराखाली उभ्या गाडीत वाळलेली पानं वरच्या झडपांतून थेट एक्झॉस्टच्या कडेला जाऊन बसतात. गुलमोहराची बारीक पानं तर चुरा होऊन हीट शिल्डच्या मागे गादीसारखी साठतात. ती ब्लोअरने उडवू नका, आणखी आत जातात. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. उंदीर हा दुसरा शत्रू. महिनाभर झाकलेल्या गाडीत वायरचं आवरण कुरतडलेलं, फोमचे तुकडे किंवा लेंड्या दिसल्या तर ती गाडी सुरू न करता वायरमनला आधी दाखवा.

चालवताना नाक जागं ठेवा. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर लगेच बाजूला घ्या. जळक्या तेलाचा उग्र वास आणि मागे निळसर धूर म्हणजे तेल एक्झॉस्टवर टपकतंय. प्लॅस्टिक किंवा फेविकॉल करपल्यासारखा वास हीट शिल्ड, गोंद किंवा वायरिंगकडे बोट दाखवतो. सिंहगड उतरल्यावर चाकांपाशी येणारा तापलेल्या ब्रेक पॅडचा वास वेगळा, तो दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवल्यावर जातो. जो वास जात नाही, त्यावर गाडी थांबवायची.

अग्निशामक

आयएसआय चिन्हाचा एक किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर घ्या, जागा असेल तर दोन किलोचा. धातूच्या ब्रॅकेटमध्ये शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेला, बसल्या जागेवरून हाताला येईल असा बसवा. पुढच्या डिकीत बॅगांखाली गाडलेला सिलिंडर नसल्यासारखाच. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. एक किलोची पावडर दहा-एक सेकंदांत संपते, म्हणजे ज्वाला लहान असेल तोवरच तिचा उपयोग. ही पावडर ॲल्युमिनियमला आणि इलेक्ट्रिक जोडण्यांना नंतर खाते हे खरं, पण त्या क्षणी त्याचा विचार नको. बॅटरी पॅक पेटला असेल तर पावडरीचा काही उपयोग नाही. त्याला भरपूर पाणी आणि अग्निशमन दलच लागतं, आणि विझल्यावर काही तासांनीही तो पुन्हा पेटू शकतो.

धूर दिसला तर हा क्रम:

१. इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. वाळलेलं गवत, पेट्रोल पंप, दुसरी गाडी यांच्याजवळ थांबू नका.
२. इंजिन बंद करा. इंधन पंप त्यानेच बंद होतो. हँडब्रेक लावा.
३. सगळे उतरा. दाराचं बटण इलेक्ट्रिक असेल तर ते काम करेलच असं नाही. हाताने ओढायची आपत्कालीन दोरी किंवा खटका कुठे आहे ते आजच मॅन्युअलमध्ये शोधा आणि शेजारी बसणाऱ्यालाही दाखवा.
४. वाऱ्याच्या दिशेच्या उलट बाजूला किमान ३० मीटर लांब जा. १०१ किंवा ११२ लावा. "गाडी पेटली" एवढंच न सांगता पेट्रोल की बॅटरी, आणि कोणत्या दिशेची लेन, ते सांगा.
५. इंजिनचं झाकण पूर्ण उघडू नका. उघडताच हवा मिळून ज्वाला तोंडावर येते. ज्वाला लहान असेल आणि मागे पळायला मोकळी वाट असेल, तरच जाळीतून किंवा चाकाच्या फटीतून ज्वालेच्या बुडाशी फवारा मारा. एक सिलिंडर संपला की मागे फिरा.

मागे इंजिन असलेल्या गाडीत चालकाला आग फार उशिरा कळते. शेजारचा दुचाकीवाला हॉर्न मारून हातवारे करत असेल तर त्याला गाडीचं कौतुक आहे असं समजू नका, आरशात बघा.

वर्कशॉपपर्यंत

"चालवू नका" असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक. खर्च कंपनीने करावा हे आधी लेखी मागा. पुण्यातून गाडी अनेकदा मुंबईच्या अधिकृत वर्कशॉपला जाते, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. फ्लॅटबेडवाल्याला गाडीची जमिनीपासूनची उंची सांगा आणि उताराचा कोन कमी करायला लाकडी फळ्या आणायला सांगा. गाडीच्या नाकात बसवायचा टो-हुक (गाडी ओढायचा हुक) टूलकिटमध्ये असतो, तो आधीच काढून ठेवा. पट्टे चाकांवरूनच आवळायचे, सस्पेन्शनच्या दांड्यांना किंवा अंडरट्रेला हुक लावू द्यायचा नाही. टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवा आणि चढवण्याआधी चारी बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा.

जॉब कार्डवर नुसतं "जनरल चेकअप" लिहून घेऊ नका. रिकॉलचा कोड, बदललेल्या भागांचे जुने आणि नवे पार्ट नंबर, "शून्य रुपये" असा आकडा आणि दुरुस्तीची तारीख हवी. जुना भाग दाखवायला सांगा. काम उघड्या जागी असेल तर स्वतः बघा: गोंदाच्या जागी फास्टनर आले का, पत्रा हाताने हलतो का. रिकॉलच्या कामाबरोबर दुसरी कामं खपवून पैसे लावले जात असतील तर ती वेगळ्या बिलात घ्या.

इंजिनच बदललं तर बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. बदललेल्या इंजिनाचं कंपनीचं पत्र आणि बिल घेऊन आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच १२ ला संगम पुलाजवळ, नंबरची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीकडून पॉलिसीत तशी दुरुस्ती करून घ्या. नाहीतर पुढे विकताना किंवा दावा करताना कागद आणि गाडी जुळत नाहीत.

विमा आणि कायदा

सर्वसमावेशक पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं यांचं नुकसान येतं. पण त्याच पॉलिसीत मालकाने गाडी सुरक्षित आणि सुस्थितीत ठेवण्यासाठी योग्य ती सर्व काळजी घ्यावी अशीही अट असते. "चालवू नका" असा निरोप हाती असताना गाडी लोणावळ्याला नेली, तर या अटीवर बोट ठेवलं जाईल. न कळवलेले बदल, विशेषतः एक्झॉस्ट आणि ट्यूनिंग, हा दावा अडण्याचा दुसरा मोठा मुद्दा. या दोन्हींबाबत आजच विमा कंपनीला लिहा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. दोष पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करू शकतो असं दिसलं तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. कंपनीला मग दुरुस्ती, बदली गाडी किंवा पूर्ण किमतीचा परतावा यांतलं काही द्यावं लागतं. २०२१ पासूनचे नियम आयातदारालाही लागू आहेत, मात्र ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. त्याहून जुन्या गाडीचा ऐच्छिक रिकॉल कंपनीकडे बाकी असू शकतो, म्हणून "जुनी झाली, आता कोण बघतो" म्हणून सोडू नका. दोषाची तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते.

डीलर टोलवत राहिला तर आधी कंपनीच्या भारतातल्या मुख्य कार्यालयाला सगळ्या ईमेलसह लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी ग्राहक आयोगाची: मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा, ५० लाख ते २ कोटी राज्य, त्यावर राष्ट्रीय आयोग. स्पोर्ट्स कारची किंमत पाहता प्रकरण बहुधा वरच्या दोहोंपैकी एकाकडे जातं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावं लागतं. गाडी जळाली असेल तर सांगाडा हलवण्याआधी पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल आणि विम्याच्या सर्व्हेअरची पाहणी होऊ द्या. सांगाडा कंपनीच्या यार्डात नेण्याआधी स्वतःच्या तज्ज्ञाकडून फोटोसह तपासणी करून घ्या. एकदा तो तिकडे गेला की आग कुठून लागली याबद्दल तुमच्या हातात काहीच उरत नाही.